तेवीस उन्हाळ्यांची बाटली

शाहूपुरी, कोल्हापूर
शनिवार, २५ एप्रिल २०२६

चिरंजीव सौमित्र,

तुला आणि मैथिलीला नृसिंहदाजींचे भरघोस आशीर्वाद. (स्वतःला आदरार्थी लिहायची सोय पत्रातच मिळते, म्हणून घेतली.) तुम्हा दोघांच्या प्रकृती उत्तम असतील असं धरून चालतो. तुझा गुडघा काय म्हणतो? मस्कतमध्ये तो गप्प असतो आणि कोल्हापुरात उतरलास की कुरकुरायला लागतो, म्हणजे दुखणं गुडघ्यात नसून सासुरवाडीहून आलेल्या पाहुण्यांच्या सरबराईत आहे, असा माझा अंदाज आहे. मागे सांगितलेला निर्गुडीचा पाला तू लावला नसणारच. इकडचं सगळं ठीक. तुझ्या अक्काची साखर आटोक्यात आहे, माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या आटोक्यात आहे आणि हापूस अजून कुणाच्याच आटोक्यात आलेला नाही. तुमच्या अदितीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. माझ्या नावापुढं 'निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक' असं घालायला सांगितलं होतं. जागा पुरेना म्हणून छापखान्यानं 'निवृत्त' एवढंच ठेवलं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोललं की तुझी अक्का ऐकते. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर ते 'लग्नघर' ग्रुपवर जाऊन पडतं. (केटररच्या बासुंदीबद्दलचं माझं मत मी तुला एकट्याला पाठवलं होतं, ते सेहेचाळीस जणांनी वाचलं. त्यात केटररही होता.) गोमटेश आडत्याचा जिनेश तुझ्याच गावात नोकरीला आहे, तो सुट्टी संपवून सोमवारी परत निघालाय. त्याच्या हाती हे पत्र देतोय. सावकाश वाच, शक्यतो बसून वाच आणि मैथिलीला पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला सांग.

तर, तुझी बाटली सुखरूप आहे. (बाटली म्हणजे काच. आतल्या ऐवजाबद्दल पुढं सविस्तर येईलच.)

सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझी बाजू तुझ्या नीट लक्षात येईल. दोन हजार दोनच्या दिवाळीत तू फ्रान्समधली नोकरी सोडून मस्कतला निघाला होतास. तिथल्या साहेबानं निरोपाला दिलेली एकोणीसशे नव्व्याण्णव सालची लाल वाइनची बाटली तुझ्याकडं होती. अदितीच्या जन्मसालाची. मस्कतला ती नेता येत नव्हती. तू ती आमच्या स्वैपाकघराच्या ओट्यावर ठेवलीस आणि अक्काला सांगितलंस, आडवी ठेव, अंधारात ठेव, गार जागी ठेव, जपून ठेव, अदितीच्या लग्नात उघडू. अदिती तेव्हा तीन वर्षांची होती आणि ओट्याखाली बसून कच्चा बटाटा खात होती. आमच्या घरात दारूची बाटली येण्याची ती पहिलीच वेळ. (अठ्ठ्याऐंशी सालच्या शिक्षकांच्या गोवा सहलीत मी अर्धा ग्लास बिअर घेतली होती, पण ती घरात आली नव्हती, मीच बाहेर गेलो होतो.) तुझ्या अक्कानं जिन्याखालच्या कोठीत भाताच्या तुसाचं अंथरूण केलं आणि बाळंतीण निजवावी तशी ती बाटली तिथं निजवली. त्यानंतर मी तिच्याकडं पाहिलं नाही. कोठी हे तुझ्या अक्काचं राज्य आहे आणि मी तिथं फक्त बल्ब बदलायला जातो.

मागच्या सोमवारी तुझा मेसेज आला. आपले व्याही, म्हणजे अभिरामचे वडील, वाइनमधले जाणकार निघाले. पुण्यातल्या घरी बाटल्यांसाठी त्यांनी वेगळा फ्रीज ठेवलाय. सव्वीस वर्षांच्या बाटलीचं ऐकून ते हरखले आहेत आणि लग्नाच्या आदल्या दिवशी चार लोकांसमोर ती उघडून पारखणार आहेत. तेव्हा दाजी, बाटलीचा एक फोटो पाठवा आणि आतली पातळी खांद्याच्या वर आहे ना एवढं बघा. मंगळवारी सकाळी अक्का आमच्या कामाच्या बनाबाईला घेऊन भाजीला गेल्यावर मी टॉर्च घेऊन कोठीत शिरलो. पातळी खांद्याच्या चांगली चार बोटं खाली होती. सौमित्र, सील शाबूत, बूच शाबूत आणि आतला माल कमी! छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट झोपू देईल का? पहिला संशय मी (लाज वाटते, पण खरं सांगतो) बनाबाईवर घेतला. ती परत आल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, तर ती म्हणाली, "सर, माझा नवरा ह्याच नादानं गेला. मी असल्या बाटलीला फडक्याबिगर हात लावत न्हाय." मी इतका ओशाळलो की तिनं लावलेलं 'फडक्याबिगर' माझ्या लक्षातच आलं नाही. बाटलीला फडक्यानं का होईना पण हात कशाला लावावा लागतो, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

मग माझ्या मनात आलं की माल बुचातूनच गेला असणार. बूच सुकून आकसलं असेल तर कणाकणानं हवा आत जाईल आणि वाफ बाहेर येईल. अनुमान सुंदर होतं. ते सिद्ध करायला वरचा पत्रा सोलला आणि बूच घट्ट आहे की सैल, हे अंगठ्यानं जरासं दाबून पाहिलं. अगदी जरासं. खात्री झाली, सैल होतं. डुबुक असा आवाज आला आणि ते आत तरंगायला लागलं.

त्या वेळी माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. शाळेतून आणलेल्या रबरी बुचांच्या डब्यातलं एक बूच मी बाटलीला बसवलं (तंतोतंत बसलं, हे नमूद करतो) आणि तास दीड तास कोठीतच बसून राहिलो. भीती वाटत होती, तसंच कुतूहलही वाटत होतं. भीतीचं कारण तुला ठाऊक आहे. कुतूहल असं, की जुनं बूच आत पडून रबरी बूच बसेपर्यंत जो वास आला तो मला ओळखीचा वाटला आणि कशाचा ते आठवेना. फ्रान्समधल्या वस्तूचा वास कोल्हापुरातल्या माणसाला ओळखीचा का वाटावा?

बुधवारी दिवसभर मी वाचन केलं. जुनी वाइन पारखणारे साहेब लोक काय काय लिहितात ते पाहून मी थक्क झालो. जुन्या चांगल्या वाइनला म्हणे चामड्याचा वास येतो, तंबाखूचा येतो, ओल्या पाल्याचा येतो, सिगारच्या पेटीचा येतो, आणि एकानं तर घोड्याच्या खोगिराचा येतो असं लिहून त्याला शंभरपैकी चौऱ्याण्णव मार्क दिले होते. आमच्याकडं पाण्याला असला वास आला तर आपण महापालिकेवर मोर्चा नेतो. पण मी ठरवलं की हे वास आधी नीट ओळखून घ्यायचे, मग बाटलीला बोलायचं. तंबाखू बनाबाईकडून मिळाली. (चिमूट देताना तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून मंगळवारचा हिशेब फिटला.) ओला पाला परसात होता. चामड्यासाठी चप्पल लाइनला गेलो. तिथं एका दुकानात मी एक एक चप्पल उचलून, डोळे मिटून, नाकाशी धरून पाहत होतो. तळाचा वास वेगळा, पट्ट्याचा वेगळा, तेल दिलेल्या चपलेचा आणखी वेगळा. मला तर फार मजा वाटू लागली आणि चौथा जोड होईपर्यंत भोवती माणसं जमली. दुकानदार शांत होता. म्हणाला, "पावणं, ती पायात घालून बघायची असती." मी त्याला सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, पण 'वाइन' हा शब्द ऐकल्यावर त्यानं मान हलवली आणि मला बसायला स्टूल दिलं. शेवटी एक जोड घ्यावाच लागला. तोही एक नंबर लहान आहे, कारण मी तो वासावर निवडला.

एवढं करूनही मला एकट्याला तो पहिल्या दिवशीचा वास उलगडेना. तेव्हा गोमटेशला बोलावलं. गोमटेशला तू ओळखतोसच; पण मैथिली वाचत असेल तर तिच्यासाठी सांगतो. तो गूळ मार्केटमधला आडत्या आणि शाळेपासूनचा माझा बाकसोबती. चाळीस वर्षं गूळ पारखतोय. ढेपेचा टवका काढून उजेडाला धरतो, बोटांत चुरतो, नाकाशी नेतो आणि सांगतो की रस उकळताना जाळ जास्त झाला होता की कमी, आणि ढेप पावसाळ्यात कुठल्या ओल्या भिंतीला टेकली होती. त्याचा शब्द सौद्यात कुणी खाली पाडत नाही. अडचण एकच. तो पक्का जैन आहे आणि चहापलीकडं कसल्याही नादाला लागलेला नाही. मी भीत भीतच विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, मी फकस्त वास घेनार. थेंब जिभंला लावनार न्हाय. आनी आमच्या अरुणाला ह्यातलं काय सांगायचं न्हाय." मी दोन्ही अटी मान्य केल्या. (अरुणा म्हणजे त्याची बायको. पत्र त्यांच्याच मुलाच्या, जिनेशच्या हाती देतोय, तेव्हा पाकीट चिकटवायला विसरता कामा नये.)

गुरुवारी सकाळी अकराला तुझी अक्का साड्यांच्या दुकानात गेल्यावर आम्ही बसलो. वाइनचा ग्लास आपल्या घरात कुठला? निरोपसमारंभात शाळेनं मला अडीचशे मिलिलिटरचं बीकर दिलं होतं, ते काढलं. त्यात चाळीस मिलिलिटर माल घेतला आणि वहीत निरीक्षण, अनुमान असे दोन रकाने आखले. गोमटेशनं आधी हात धुतले. मग बीकर माझ्या पांढऱ्या टॉवेलसमोर धरून तिरपं केलं आणि कडेचा रंग पाहिला. सौमित्र, माझ्या अंगावर काटा आला! साहेब लोक अगदी हेच करतात, पांढऱ्या कापडावर तिरपा ग्लास धरून कडेचा रंग बघतात, आणि गोमटेशनं त्यातली एक ओळ कधी वाचलेली नाही. मधे गडद तांबडा, कडेला विटेचा रंग. मग त्यानं बोट बुडवून एक थेंब अंगठ्याशी चोळला. चिकट न्हाय, म्हणाला. मग डोळे मिटून नाक लावलं आणि इतका वेळ तसाच राहिला की मी त्याची नाडी बघावी का, असा विचार करू लागलो.

तो बोलायला लागला तेव्हा मला लिहून घेणं जमेना. पहिल्यांदा भिजवलेल्या मनुका, म्हणाला. मग काकवी, तीही काहील उतरायच्या जरा आधीची. मग जुनी चिंच. मग पेटीतलं लाकूड. (मी चप्पल पुढं केली. व्हय, हेबी हाय, म्हणाला, पर ही नवी हाय, ते घातलेलं हाय.) मग त्यानं बाटलीच तोंडाशी धरून हुंगली, बीकर परत हुंगलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तर, माल मुळात एक नंबर हाय की. पर ह्यानं ऊन खाल्लंय. एकदा न्हवं, लई येळा. आनी मिरचीच्या शेजारी बसून खाल्लंय."

मी हसलो. म्हटलं, गोमटेश, ही बाटली तेवीस वर्षं कोठीच्या अंधारात आहे. तिनं ऊन पाहिलेलंच नाही. तो म्हणाला, नाक माझं हाय, कोठी तुझी. आणि तेवढ्यात मागून तुझ्या अक्काचा आवाज आला. दुकानात हवा तो काठ न मिळाल्यानं ती अर्ध्या तासात परतली होती आणि हातात पिशव्या घेऊन दारात उभी होती. तिनं बीकर पाहिलं, बाटली पाहिली, रबरी बूच पाहिलं, आणि म्हणाली, "मग? दरवर्षी घालते की उन्हात."

तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षाचं साठवणीचं जे जे घरात असतं, डाळी, चिंचा, मिरच्या, गाद्या, शालू, त्या सगळ्याला उन्हाळ्यात ऊन दाखवायचं असतं. नाही दाखवलं तर वस्तू कोंदते, तिला बुरशी येते. तू म्हणाला होतास, जपून ठेव. तिला जपणं म्हणजे काय ते माहीत होतं. दर मे महिन्यात दहा दिवस बनाबाई बाटली फडक्यात गुंडाळून गच्चीवर नेई, मिरच्यांच्या आणि सांडग्यांच्या मधे पांढऱ्या धोतरावर ठेवी. आडवीच, कारण तू आडवी म्हणाला होतास. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं ऊन लागतं. कावळे राखायला छत्री घेऊन अदिती बसे. मस्कतच्या उकाड्यातून तुम्ही तिला दर सुट्टीत इकडं पाठवायचात ना, त्या सगळ्या सुट्ट्यांत. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण मे महिन्यात गच्चीवर गेलं की मला काम लागतं.

मी तिथल्या तिथं वहीत मांडणी केली. तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते, हे मी छत्तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलं. तेवीस उन्हाळे, दहा दहा दिवस, कोठीतलं पंचवीस अंश, गच्चीवरचं पंचावन्न. उत्तर आलं, पाच वर्षं. म्हणजे बाटली जन्मानं अदितीच्या बरोबरीची, पण आमच्या गच्चीमुळं तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी झालेली आहे. मी हे उत्साहानं दोघांना समजावून सांगितलं. गोमटेश म्हणाला, बराबर. अक्कानं फक्त विचारलं, "म्हणजे बिघडली का हो?"

तेव्हा मी चाखून पाहिली. दोनच चमचे. जाणकार मंडळी तोंडात घोळवून थुंकतात, असं वाचलं होतं, पण आपल्या घरी तसा रिवाज नाही. पहिल्यांदा आंबट लागलं. मग मनुकांसारखं गोडसर, पण गोड नव्हे. मग जिभेच्या कडांना कात लावल्यासारखं झालं. आणि गिळल्यावर सगळं संपलं असं वाटत असतानाच मागून काहीतरी परत आलं, धुरकट, उबदार, आणि बराच वेळ राहिलं. घड्याळ लावून मोजलं तर चाळीस सेकंद. नव्व्याण्णव साली फ्रान्समधल्या कुठल्याशा टेकडीवर पडलेला पाऊस शाहूपुरीतल्या माझ्या जिभेवर चाळीस सेकंद थांबला होता. त्या वर्षी मी काय करत होतो? नववी 'ब'ला आम्ल आणि आम्लारी शिकवत होतो. त्यातलं काय उरलं असेल देव जाणे. मला फार नवल वाटलं आणि, तुला खरं सांगतो, बरंही वाटलं. पण हे चांगलं की बिघडलेलं, ते मला सांगता येईना. चांगलं काय ते मी कधी चाखलेलंच नव्हतं.

इथं माझ्या हातून दुसरी चूक झाली. (पहिली, अंगठा.) संध्याकाळी पाच वाजता मी व्याह्यांना फोन केला. आपली बाटली असं म्हटलं नाही, एका मित्राची म्हणालो, समजा तिला उन्हं लागली असतील तर? मला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता. व्याही हसून म्हणाले, उन्हातली वाइन म्हणजे मेलेली वाइन, मित्राला म्हणावं सरळ मोरीत ओता. तुझी अक्का समोर बसून कैऱ्या किसत होती. तिनं किसणी खाली ठेवली आणि आत गेली.

सौमित्र, आज शनिवार आहे आणि गुरुवारपासून आमची गच्ची रिकामी आहे. बारा किलो मिरची पोत्यात बसून आहे. अदितीच्या रुखवतातली चटणी, सांडगे, कुरडया, काहीही सुरू झालेलं नाही. तुझी आई गेली ते वर्ष तुला आठवत असेल. त्या वर्षीही पंधराव्या दिवशी गच्ची भरली होती. मी बोलायला गेलो तर ती म्हणते, काही नाही, पाठ दुखतेय. काल म्हणाली, सोम्यानं आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली होती. मला फार वाईट वाटलं. तुला वाटेल मी बाटलीबद्दल लिहितोय, पण खरं म्हणजे मी त्या पोत्याबद्दल लिहितोय.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण आम्ही कुणालाच सांगितलेली नाही. एकोणीसच्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि बोट आली. मी अक्काला ओरडून सांगितलं, दागिने आणि माझी सर्टिफिकिटांची फाईल घे. ती शालीत काहीतरी गुंडाळून घेऊन बोटीत बसली. पाणी ओसरेपर्यंत मला वाटत होतं की ती फाईल आहे. बोटीत माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, तरी तिनं ते गाठोडं सबंध वेळ मांडीवर आडवंच धरलं होतं. फाईलचा पुढं लगदा झाला. दागिने आधीच लॉकरमध्ये होते, हे आम्हा दोघांनाही आठवलं नव्हतं.

असो. लांबण लागली. मैथिलीला सांग की पैठणीला फॉल लावून झाला. तुम्ही आठ तारखेला येताय, आणायला मी स्टेशनवर येईन, नवी चप्पल पायात बसली तर.

तुझा,
नृसिंहदाजी

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. हे पत्र मिळाल्यावर अक्काला फोन कर आणि बाटलीचा विषय तूच काढ. सांग, की फ्रान्समध्येसुद्धा अशा बाटलीला उन्हाळ्यात ऊन दाखवतात आणि ते सांगायचं तू त्या वेळी विसरला होतास. अगदीच खोटं नाही. अटलांटिक समुद्रात मदेरा नावाचं बेट आहे, तिथं वाइन मुद्दाम उष्णतेत ठेवतात आणि मग ती शंभर वर्षं टिकते, असं मी कालच वाचलं. मी सांगितलं तर तिला पटणार नाही. मी तिला यापूर्वीही बऱ्याच गोष्टी वाचून सांगितलेल्या आहेत. तू सांगितलंस तर पटेल. एवढं माझ्यासाठी कर. व्याह्यांचं काय करायचं ते आपण नंतर बघू.

ता. क. २ : वर दोन चमचे लिहिलेत ते चार होते. शुक्रवारचे धरून सहा. निरीक्षण एकदा घेऊन भागत नाही.

(यापुढचं अक्षर वेगळं आहे, हे तुझ्या ध्यानात येईलच.)

ता. क. ३ : सोम्या, मी अक्का. आज सोमवार. जिनेशबरोबर तुझं मागच्या सालच्या चटणीचं पार्सल द्यायचं म्हणून पाकीट हातात घेतलं, तर ह्यांनी चिकटवलेलंच नाही. सगळं वाचलं. तू मला तसला काही फोन करू नकोस. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात, ते मला फोनवरसुद्धा कळतं.

काल अदिती ब्लाउजच्या मापाला आली होती. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, बाळा, तुझ्या बापानं तुझ्यासाठी ठेवलेली गोष्ट आत्यानं नासवली. तिनं वाटीत थोडी ओतून घेतली, वास घेतला आणि वाटी खाली ठेवली. मला वाटलं, झालं. तर म्हणते, आत्या, ही आपली गच्ची आहे गं. दुपारची. तिला सगळं आठवत होतं, धोतरावर बाटलीतून पडायचा तो तांबूस कवडसा, त्यात ती हात धरून बसायची ते. कावळा मिरची घेऊन गेला तरी हिचं लक्ष नसायचं. मग रडली आणि हसली. आणि बाबांना सांग, म्हणाली, ही कुणाला चाखायला देऊ नका, सासऱ्यांनासुद्धा नाही, ही माझी आहे. मी कोठीत ठेवली आहे, ह्यांच्या चमच्यांपासून लांब. मिरची आज सकाळी गच्चीवर टाकली.

आता व्याह्यांना कबूल केलेल्या बाटलीचं. येताना विमानतळावरून दुसरी घेऊन ये. तीही तसलीच तांबडी. जुनी शोधत पैसे घालवू नकोस, नवी आण. तुम्ही आठला येणार, लग्न चोवीसला. मधे पंधरा दिवस कडक ऊन आहे. मी जुनी करून देते.